मुळाशी न गेलेले ऐक्य



पौर्णिमेची वंदना आटोपते, खीर वाटून होते, पोरे अंगणात पळतात, आणि मग एखादी माउली किंवा एखादा तरुण हळूच सरकून जवळ बसतो. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली ही मंडळी. आपण तयारीत असतो की, आता हे अनात्म्याविषयी विचारतील, पुनर्जन्माविषयी विचारतील. तसे काही होत नाही. "सर, थोरला भाऊ बोलत नाही." "जाऊ दारावरून जाते, पण मान वळवून जाते." "ज्या मावशीनं मला वाढवलं तिनं पोरीच्या लग्नाला बोलावलं नाही." हेच प्रश्न. ग्रंथांत याचे उत्तर नसणार, ग्रंथ मोठ्या गोष्टींसाठी असतात, अशी त्यांची समजूत असते; म्हणून भीतभीत विचारतात. आज त्यांनाच उद्देशून लिहितो आहे.

उत्तर आहे, आणि ते कुठल्या कोपऱ्यात दडलेले नाही. विनयपिटकाच्या महावग्गातले दहावे प्रकरण सबंध याच कामी खर्ची पडले आहे. एका विहारात राहणारी, एका गुरूची शिष्य असलेली माणसे एकमेकांपासून कशी तुटली आणि पुन्हा कशी जुळली, एवढाच त्याचा विषय.

पण आधी आपल्या अंगणात पाहू. आपले घोडबंदर म्हणजे एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. खाडीपलीकडे वसईच्या बाजूला सोपारा. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून जगापुढे आणला. अलीकडच्या डोंगररानात कान्हेरी, शंभराहून अधिक लेण्यांची. तिथल्या ज्या मोठ्या चैत्यगृहासमोर शाळेच्या सहली फोटो काढतात, ते दोघा व्यापारी भावांच्या दानातून उभे राहिले. त्यांपैकी एकाचे नाव गजसेन. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातले ते काम मानतात. कान्हेरीचे आणखी दानलेख पाहा. दाता सहसा एकटा नसतो. आईबाप, बायको, मुले, भाऊ यांना सोबत घेऊन दान दिल्याचे तो दगडावर कोरून ठेवतो. पाण्याचे टाके असो, बसण्याचा ओटा असो, पुण्य एकट्याच्या खाती मांडलेले नाही. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी आपल्या चाळींत दोन भावांच्या मध्ये पत्र्याची भिंत उभी राहते ती राहते, वर अबोला.

काही जण म्हणतात, धम्म घेतला म्हणून नाती तुटली. हा आळ नीट तपासून घेतला पाहिजे, कारण तो आपल्या घरातच आपल्यावर येतो. वैशालीचा सीह सेनापती निगंठांचा उपासक होता. तो तथागतांना शरण आला, तेव्हा भगवंतांनी त्याला आधी सांगितले की, तुझ्यासारख्या नावाजलेल्या माणसाने नीट विचार करूनच असे पाऊल टाकावे. आणि तो ठाम राहिल्यावर सांगितले की, तुझे घर इतकी वर्षे निगंठांना पाणवठ्यासारखे होते, ते दारी आले तर त्यांना अन्न देणे थांबवू नकोस. नवा उपासक मिळाला त्याच घटकेला जुन्या माणसांचे ताट राखून ठेवायला सांगणारा हा शास्ता आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बोलणारा कोण? 'मी'. त्यात 'माझा भाऊ' नाही, 'माझी आई' नाही. मी काय मानणार आणि मी काय सोडणार, याची ती शपथ आहे. दुसऱ्याच्या हातातले हिसकावून घेण्याचा परवाना त्यात कुठेही लिहिलेला नाही.

आमच्या भागातलीच एक गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, गरजही नाही. दोन भाऊ. बाप खाडीतल्या रेतीच्या कामावर राबून गेला. थोरला टेम्पो चालवतो, धाकटा कारखान्यात लागला. सात वर्षांपूर्वी धाकट्याने बायकोसह दीक्षा घेतली आणि पहिल्याच पौर्णिमेला आईच्या स्वयंपाकघरातला देव्हारा, आतल्या टाकांसकट, खाडीत सोडला. थोरला त्या रात्री भाडे घेऊन बाहेरगावी गेला होता. परत येऊन बघतो तो फळी रिकामी. त्या दिवसापासून अबोला. आई एक महिना इकडे, एक महिना तिकडे, हातात कपड्यांची पिशवी. वस्तीने तत्काळ निकाल दिला की, हे धर्माचे भांडण आहे. दीक्षा घेतलेली घरे धाकट्याकडे झाली, बाकीची थोरल्याकडे. चार-दोन दिवाळ्या गेल्या. पुतण्यांनी काकाला ओळख द्यायचे सोडले.

ही गोष्ट इथे जरा बाजूला ठेवू. कौशांबीला जाऊन येऊ, मग तिच्याकडे वळू.

कौशांबीच्या घोषितारामात दोन विद्वान भिक्खू राहत. एक सुत्तांचा जाणकार, त्याला धम्मधर म्हणू. दुसरा भिक्खूंच्या नियमांचा जाणकार, तो विनयधर. दोघांचेही शिष्य पुष्कळ. भांडणाचे मूळ कारण अट्ठकथेत दिले आहे. धम्मधर शौचालयातून बाहेर आला आणि भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवून आला. मागून विनयधर गेला. त्याने विचारले, हे पाणी तुम्ही ठेवले का? यात दोष आहे हे तुम्हांला ठाऊक नाही? धम्मधर म्हणाला, ठाऊक नव्हते. दोष असेल तर मी कबूल करतो. विनयधर म्हणाला, जाणूनबुजून केले नसेल तर दोष नाही. झाले, विषय मिटला.

पण विनयधराने जाता जाता आपल्या शिष्यांपाशी म्हटले की, त्या गृहस्थाला दोष घडला तरी कळत नाही. शिष्यांनी ते त्याच्या शिष्यांना ऐकवले. त्यांनी आपल्या गुरूच्या कानी घातले. गुरू उसळला. आधी म्हणतो दोष नाही, आता म्हणतो दोष आहे, हा तर खोटारडा! हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले. शेवटी विनयधराच्या पक्षाने संघ जमवून धम्मधराला संघाच्या व्यवहारातून दूर केले. त्याचे शिष्य आणि चाहते त्याच्यामागे उभे राहिले. एका आरामात दोन तट पडले, आणि पुढे भोजनगृहात हातघाईवर आले.

केवढे ते भांडे आणि केवढे ते पाणी! माझ्या भगिनींनो, नळावर कोणाची कळशी आधी लागली यावरून दहा वर्षे न बोलणारी घरे तुम्ही पाहिली आहेत, त्यामुळे तुम्हांला नवल वाटणार नाही. मला या कथेत दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. दोघेच समोरासमोर होते तोवर प्रकरण मिटले होते. एकाने विचारले, दुसऱ्याने कबुली दिली, पहिल्याने सोडून दिले. वाट लागली ती निरोप नेणाऱ्यांच्या तोंडी ते गेल्यावर. आणि हे निरोप नेणारे काही वाईट लोक नव्हते. आपापल्या गुरूवर प्रेम करणारी पोरेच होती.

भगवंतांनी काय केले? ज्यांनी बहिष्कार टाकला होता त्यांच्याकडे जाऊन सांगितले की, केवळ आपल्याला तसे दिसते म्हणून एखाद्याला दूर करू नका, त्याने संघात किती फूट पडेल हे आधी तोला. मग दुसऱ्या पक्षाकडे गेले आणि सांगितले की, समोरचे लोक जाणते आहेत, लाजधर्म असलेले आहेत, तर त्यांचा विश्वास राखण्यासाठी तरी दोष मान्य करा. म्हणजे ज्याच्या हाती शिक्षा होती त्याला संयम सांगितला, आणि ज्याच्याकडे हट्ट होता त्याला नमते घ्यायला सांगितले. दोघांना एकच उपदेश केला नाही. आपल्याकडे समेट घडवणारे दोघांनाही तेच सांगतात, "जाऊ द्या, मिटवून टाका." त्याने कोणाचेच समाधान होत नाही.

तिथेच भगवंतांनी त्यांना दीघावूची कथा सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्त राजाने कोसलच्या दीघीतीचे राज्य घेतले आणि पुढे त्याला राणीसह मारविले. मरणाला नेत असता दीघीतीला गर्दीत आपला मुलगा दीघावू दिसला. बापाने त्याला कोड्यात सांगितले की, लांब आणि आखूड या दोहोंपासून जप. दीघावू वाढला, ओळख लपवून त्याच राजाच्या चाकरीत शिरला, त्याचा विश्वासू झाला. एके दिवशी रानात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेला. दीघावूने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली. राजा जागा झाल्यावर त्याने बापाच्या कोड्याचा अर्थ उलगडला. लांब नको म्हणजे वैर लांबवत नेऊ नये. आखूड नको म्हणजे मित्राशी घाईने तुटू नये. आपण या सल्ल्याच्या बरोबर उलट वागतो. तोडायला आपल्याला एक दुपार पुरते, आणि वैर मात्र नातवंडांपर्यंत पुरवतो.

कौशांबीच्या भिक्खूंवर या कथेचाही परिणाम झाला नाही. भगवंतांनी आपण स्वस्थ असावे, या भांडणाचे आम्ही पाहून घेऊ, असे त्यांच्यातल्या एकाने तोंडावर सांगितले. तेव्हा भगवंतांनी आपले पात्र-चीवर उचलले आणि ते एकटे निघून गेले. पुढे पारिलेय्यक वनात राहिले. ही गोष्ट मी नवदीक्षितांना मुद्दाम सांगतो. समेट जमला नाही म्हणून आपण धम्मात कमी पडलो, असे वाटून घेऊ नका. तिथे तर स्वतः तथागतांचे ऐकले गेले नाही.

आता एक कडू गोष्ट. बहिष्कार हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत' ठेवले. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर गावोगाव आपल्या माणसांची काय कोंडी झाली, हे आजोबांच्या तोंडून ऐकत आपण वाढलो. आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आहे. आणि आपण घराच्या आत काय करतो? भावाच्या बायकोचे बारशाला आमंत्रण तोडतो, काकाच्या मयताला जात नाही, मोबाईलमधून नंबर पुसून टाकतो, पोराला बजावतो की, त्यांच्या दारात पाणी प्यायचे नाही. दारात पाणी प्यायचे नाही! हे वाक्य आपल्या आज्याने कोणाकडून ऐकले होते, याचा विचार करा.

मग त्या दोन भावांकडे येऊ. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या चुलतबहिणीच्या मुलीचा मंगल परिणय होता. मांडवातल्या वडीलधाऱ्यांनी दोघांना ओढून आणले, हातात हात दिले, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आई रडली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही भरून आले. पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा वाईट झाले. कारण आता दोघांनाही वाटू लागले की, आपण नमते घेतले आणि समोरच्याने फायदा घेतला.

असे का होते, हा प्रश्न उपाली स्थविरांनी भगवंतांनाच विचारला आहे. कौशांबी प्रकरणाच्या अखेरीस ते विचारतात की, ज्या गोष्टीवरून संघात भांडण झाले, फूट पडली, त्या गोष्टीचा निर्णय न करता, मुळापासून मुळापर्यंत न जाता संघाने ऐक्य केले, तर ते धम्माला धरून आहे का? भगवंतांचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ते पुढे समजावतात की, ऐक्य दोन प्रकारचे असते. एकात शब्द असतो, पण अर्थ नसतो. दुसऱ्यात शब्द असतो आणि अर्थही असतो. मुळाशी जाऊन केलेले ते दुसरे.

मांडवातला फोटो पहिल्या प्रकारचा. आणि आपल्या चळवळीच्या इतिहासातले फोटो? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. बाबासाहेबांना जाऊन वर्षही झाले नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहापासून बाबासाहेबांचे उजवे हात असलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड, आणि १९५२ सालीच मुंबई विधानसभेत निवडून गेलेले वकील बी. सी. कांबळे, दोघेही १९५७ साली लोकसभेत होते. दोघेही बाबासाहेबांच्या मायेत वाढलेले. १९५९ च्या सुमारास 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन गट पडले. भूमिहीनांच्या प्रश्नावर डाव्या पक्षांबरोबर किती जायचे, घटनेच्या चौकटीतले काम आधी की रस्त्यावरचे आधी, हे वादाचे विषय होते आणि ते खरे विषय होते. पण त्याखाली आणखी एक होते, ते म्हणजे शहरातला शिकलेला आणि गावाकडचा न शिकलेला यांच्यातला सल. धोतर आणि पाटलोण. हा सल कोणी उघडपणे टेबलावर ठेवला नाही. दोघांत कोण बरोबर हे मी इथे ठरवणार नाही; दोघांचेही आपल्यावर ऋण आहे. दादासाहेब १९७१ च्या डिसेंबरात गेले. पुढे ऐक्ये झाली. १९८९ साली झाले, नव्वदीच्या मध्यावर पुन्हा झाले. ऐक्याची ताकद किती, तर १९९८ साली महाराष्ट्रातून एकदम चार जण लोकसभेत गेले. आणि फार दिवस न जाता वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. व्यासपीठावर उंचावलेले हात लोकांनी डोळे भरून पाहिले होते. मुळाशी कोणी गेले होते का, हा उपालींचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

या सलाबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण तो राजकारणापुरता नाही. मी शाळामास्तर आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता असा एक जण आहे. शिकलेला पोरगा पुस्तकातून धम्म शिकतो, शुद्ध पालीत गाथा म्हणतो, आणि ज्या चुलत्याने हमाली करून त्याची फी भरली त्याच्या 'बुद्धम् सरणम्'चे उच्चार चारचौघांत दुरुस्त करतो. चुलता काही बोलत नाही. फक्त पुढच्या पौर्णिमेला येत नाही. मग लोक म्हणतात, त्याचे मन अजून जुन्या देवात आहे. देव तिथे कुठेच नसतो!

तसेच त्या भावांचे निघाले. आमच्या वस्तीतल्या एका वृद्ध उपासिकेने हे काम केले; ती चार इयत्ताही शिकलेली नाही. तिने दोघांना एकत्र बोलावले नाही. आधी थोरल्याकडे गेली आणि फक्त विचारले, त्या दिवशी तू घरी आलास तेव्हा काय झालं, सांग. तो म्हणाला, "देव गेले त्याचं मला काही नाही, मावशी. मी कधी हात जोडले? पण त्यातला एक टाक बापानं पहिल्या पगारात आणला होता. मला एक शब्द विचारायचा होता." मग ती धाकट्याकडे गेली. तासाभराने त्याच्या तोंडून निघाले की, बाप गेल्यावर थोरल्याने खोलीचे कागद आणि विजेचे बिल स्वतःच्या नावावर करून घेतले, तेही न विचारता. देव्हारा खाडीत गेला त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. सात वर्षे सारी वस्ती ज्याला धर्माचे भांडण म्हणत होती, त्याच्या मुळाशी धर्म नव्हता. एकाला टाकाबद्दल कोणी विचारले नाही, दुसऱ्याला खोलीबद्दल कोणी विचारले नाही. आणि घोडबंदर रस्त्याकडेच्या जागेला आज काय भाव आला आहे, हे तुम्हांला सांगायला नको. त्या भावाने किती सख्खे भाऊ वेगळे केले, तेही तुम्ही जाणता.

सगळे गोड झाले असे समजू नका. खोलीच्या कागदांचे अजून ठरलेले नाही. थोरल्याने दीक्षा घेतलेली नाही आणि त्याला कोणी आग्रहही करत नाही. पण आईची पिशवी आता खुंटीला टांगलेली असते, आणि वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते तेव्हा तो कधीमधी दाराशी येऊन बसतो.

कौशांबीचे भांडण शेवटी कोणामुळे मिटले, हे गृहस्थांनी विशेष ध्यानात ठेवावे. भिक्खूंनी ते मिटवले नाही. कौशांबीच्या उपासकांनी पाहिले की, यांच्यामुळे भगवंत आपले नगर सोडून गेले. त्यांनी ठरवले की, दोन्ही पक्षांना वंदन नाही, उठून मान देणे नाही, भिक्षा नाही. कोणाच्या बाजूने उभे राहणेच त्यांनी सोडले. तेव्हा कुठे भिक्खू भानावर आले आणि श्रावस्तीला भगवंतांकडे निघाले. वस्तीने बाजू घेतली नाही की भांडणाचे जळण संपते, एवढे तरी आपल्या हाती आहे. वर्गणीचे पावतीपुस्तक दोन करू नका. एकाकडची गोष्ट दुसऱ्याकडे नेऊ नका, प्रेमापोटीसुद्धा.

पण लगेच दुसरी बाजू पाहा. ते भांडखोर भिक्खू श्रावस्तीला येताहेत हे कळल्यावर अनाथपिंडिकाने भगवंतांना विचारले की, मी त्यांच्याशी कसे वागू? भगवंतांनी सांगितले की, दोन्ही पक्षांना दान दे, दोघांचेही ऐक, आणि जे धम्माला धरून बोलतील त्यांचे मत मान. त्यांना राहायला जागा वेगवेगळी द्यावी, पण अन्नाची वाटणी सारखी करावी, असेही सांगितले. म्हणजे भांडणाला खतपाणी नाही, पण माणूस उपाशी नाही. दोन भाऊ एका छपराखाली राहूच शकत नसतील तर वेगळे राहोत. त्यात पाप नाही. भाकरी बंद करू नये.

श्रावस्तीला तो दूर केलेला भिक्खू स्वतःशी विचार करत बसला आणि त्याला दिसले की, दोष आपलाच होता. तो आपल्याच बाजूच्या लोकांकडे गेला आणि तसे म्हणाला. हे सर्वांत कठीण. विरोधकापुढे कबूल करणे एकवेळ सोपे असते. जे आपल्यासाठी भांडले त्यांच्यापुढे कबूल करणे फार जड जाते. त्यानंतर संघ एकत्र बसला. त्या बैठकीचा नियम असा की, सर्वांनी यायचे, आजाऱ्यांनीसुद्धा यायचे. माझी संमती आहे असे दुसऱ्याबरोबर कळवून चालत नाही. आपल्याकडे समेटाच्या बैठकीला पुरुष बसतात आणि ज्यांच्यात अबोला असतो त्या जावा आत चहा करत असतात. ही बैठक पुरी नव्हे.

दोन्ही बाजूंना मान्य असा मध्यस्थ सापडत नसेल, तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या तोंडून सुचवलेला मार्ग पाहा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात मारामारी झाली. कोलीय परके नव्हते. सिद्धार्थाचे आजोळच कोलीयांचे. सेनापती युद्ध मागत होता. सिद्धार्थाने संघाच्या सभेत सुचवले की, आधी दोष कोणाचा याची चौकशी करा. दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निकाल द्यावा. बहुमताने ही सूचना फेटाळली. म्हणून ती वाईट ठरत नाही. खोलीच्या कागदांसारख्या कामाला ती आजही चालेल.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मुळाशी जाणे म्हणजे प्रत्येक तुटलेले जोडलेच पाहिजे असे नाही. घरात बाईला मारझोड होते, सासरचे तिच्या जिवावर उठतात, आणि वस्तीतले वडीलधारे तिला म्हणतात, "आपण बौद्ध आहोत, मैत्री ठेव, नांदायला जा." हे मैत्रीचे नाव घेऊन केलेले क्रौर्य आहे. तिथे मूळ शोधल्यावर जे सापडते ते अंतर राखायलाच सांगते, आणि ते अंतर राखायला तिला मदत करणे हेच आपले काम. तसेच एखादा नातलग तुमच्या धम्माला चारचौघांत शिव्या देत असेल, तर त्याच्या पंगतीला न जाण्याचा अधिकार तुम्हांला आहे. त्याच्या आजारपणात मात्र जा.

आता कौशांबीहून निघालेल्या भगवंतांच्या मागे थोडे जाऊ. वाटेत प्राचीनवंसदाय नावाच्या वनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे भिक्खू राहत होते. भगवंतांनी त्यांना विचारले, तुम्ही भांडणाशिवाय, दुधात पाणी मिसळावे तसे राहता का? ते म्हणाले, होय. कसे राहता? तेव्हा अनुरुद्धाने मोठे तत्त्वज्ञान सांगितले नाही, घरकाम सांगितले. आमच्यापैकी जो भिक्षेहून आधी येतो तो आसने मांडतो, पाय धुवायचे पाणी ठेवतो, उरलेल्या अन्नाचे भांडे धुऊन ठेवतो. जो शेवटी येतो तो सारे आवरतो, झाडून काढतो. पिण्याच्या पाण्याचा घडा, धुण्याच्या पाण्याचा घडा, शौचालयातला घडा, यांपैकी कोणताही रिकामा दिसला की ज्याला दिसेल तो भरून ठेवतो. एकट्याला उचलत नसेल तर तो हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो, आणि दोघे मिळून तो घडा उचलून जागेवर ठेवतात.